ढोकरीची मोजणी

तलावांचा कारभार पाखरंच बघायची, तेव्हाची गोष्ट. दर हिवाळ्यात ढोकरी नावाची बगळी पाहुण्या पक्ष्यांची मोजणी करी. मोजणीत आला, त्यालाच काठावर जागा मिळे.

उंच रोहित पक्षी, करकोचे तिनं अदबीनं मोजले. चिखलात चिमणीएवढा टिलवा पक्षी दिसताच ती म्हणाली, "असल्या किरकोळांना कोण मोजत बसणार? चल, निघ!"

"निघतो, बाई. जरा पंख मिटू द्या. आजच पोचलो."

"कुठून?"

"उन्हाळाभर सूर्य मावळत नाही, तिथून. वाटेत हिमालय लागला."

ढोकरीनं शेजारचं तळंही पाहिलं नव्हतं. तिनं त्याच्या काडीएवढ्या पायांकडे पाहिलं, मग उत्तरेच्या आभाळाकडे. बराच वेळ तिची मान खाली आली नाही.

मग सगळी मोजणी मोडून तिनं टिलव्यापासून सुरुवात केली, "एक."