वादळबाई माहेरपणाला आली

या, पांघरुणात शिरा. पाय आत घ्या. हं, ऐका आता.

एका उंच डोंगराच्या पाठीमागं एक माळ होता. माळावर गाव. त्या गावाला पाऊस मिळायचा तो नावापुरताच, बरं का. मावळतीकडून ढग यायचे, पण डोंगर चढतानाच सगळं पाणी सांडायचे. इकडं पोचायचे ते बहुतेक रिकामेच. नुसती सावली पाडून जायचे.

त्या गावात बायडाक्का नावाची धनगरीण राहायची. नवरा देवाघरी गेलेला. घरात ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पायही थकलेले.

एका वर्षी काय झालं, दसरा तोंडावर आला तरी थेंब नाही. विहीर तळाला गेली. मेंढरं बसली ती उठेनात. मग एकेक घर गाव सोडून निघालं.

सासू म्हणाली, "बायडे, तूही जा. मी राहते इथं."

"गप बसा, आत्या. मी पाऊसच घेऊन येते."

शेजारीण म्हणाली, "पंधरा दिवस मी ह्यांना पाणी पाजीन. सोळाव्या दिवशी मलाही निघावं लागेल गं."

मग बायडाक्का आधी डोंगरावर चढली. ढग म्हणाला, "आम्ही इथंच रिते होतो. तू उगवतीच्या समुद्राकडं जा." मग ती उलटी फिरली. वाटेत तापलेला वारा भेटला. तो म्हणाला, "माझ्याकडं कुठलं पाणी? समुद्रावर वादळबाई उठलीय, तिच्याकडं मोप आहे. पण जपून हं."

चालून चालून बाराव्या दिवशी ती समुद्रावर पोचली. आणि बघते तर काय! वादळबाई ही एवढी मोठी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओले केस मोकळे सोडून गरागरा फिरत होती. मधोमध एकच डोळा. किनाऱ्यावरची माणसं दारं लावून बसलेली.

बायडाक्कानं तरी हाक मारली, "बाई, आमच्याकडं येतेस का?"

वादळबाई थबकली. "मला कुणी बोलावत नाही गं. मी जाते तिथं छपरं उडतात."

"मग सावकाश ये. वाट लांबची आहे. चालता चालता तुझा जोर ओसरेल, पाणी तेवढं राहील. ये, माहेरपणाला ये."

"माहेरपणाला?" वादळबाईचा डोळा भरून आला.

मग निघाल्या दोघी. पहिल्या दिवशी झाडं मोडली, एका घराचं छप्पर गेलं. वादळबाईनं मान खाली घातली. "बघ, सांगितलं होतं ना?" बायडाक्कानं नुसता तिचा हात धरला. दुसऱ्या दिवशी फक्त फांद्या हलल्या. तिसऱ्या दिवशी वादळबाई इतकी दमली, की तिचा डोळाच मिटला. वादळाच्या पावलांनी बारा दिवसांची वाट तीन दिवसांत सरली होती.

इकडं शेजारणीनं गाठोडं बांधलं होतं. उंबऱ्यावर बसलेली सासू एकदम म्हणाली, "थांब गं. माझ्या हातावर काहीतरी पडलं."

वादळबाईनं माळावर अंग टाकलं, बायडाक्काच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि बरसली. वारा नाही, गडगडाट नाही. तीन दिवस नुसता पाऊस. मेंढरं उठून पाणी प्याली. विहिरीला पाणी आलं. वाटेला लागलेली माणसं मागं फिरली, ज्वारी पेरायला लागली.

चौथ्या दिवशी वादळबाई उरली होती मूठभर धुक्याएवढी.

"पुढच्या वर्षी येशील?" बायडाक्कानं विचारलं.

"येईन. पण वाट चुकले तर?"

"चुकलीस तर मी घ्यायला येईन."

आणि तसंच झालं, बाळांनो. काही वर्षी ती आपणहून आली, काही वर्षी बायडाक्का जाऊन घेऊन आली. माळावरची माणसं पोटभर जेवली, सुखानं राहिली. मिटा आता डोळे. मी आहे इथंच.