सुभाना हेडी आणि तिसरा बाजार

ऐका मंडळी. ही गोष्ट किती जुनी, ते कुणी मोजून ठेवलेलं नाही. चिलारवाडीच्या माळावर तेव्हा दर बुधवारी गुरांचा बाजार भरायचा. बैल घ्यायला आलेला माणूस आधी सुभाना हेडी कुठं बसलाय ते विचारायचा आणि मग बैलाकडं वळायचा. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. पण सुभानानं जेवढी जनावरं विकली, त्याच्या दसपट तोंडं पाहिली. बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा, दात बघायचा आणि वय सांगून मोकळा व्हायचा: दोनदाती, चारदाती, जुळलेला. त्यात त्याची चूक कधी झाली नाही. बैलानं गेला उन्हाळा कुठल्या विहिरीच्या पाण्यावर काढला, हेसुद्धा तो जिभेवरून ओळखायचा, असं म्हणतात. हे जरा जास्तच झालं, पण म्हणतात खरं.

एकदा परगावच्या एका शेतकऱ्यानं चांगला उमदा खोंड आणला. सुभानानं त्याचं तोंड उघडलं. जिभेवर मसुराएवढे दोन फोड होते.

"पावणं, ह्यो आत्ताच्या आत्ता माघारी न्या. उद्या लाळ गळंल ह्याची," सुभाना म्हणाला.

पावणा चिडला, लोक हसले. सुभानानं कुणाचं ऐकलं नाही. सगळा बाजार त्यानं त्या दिवशी मोडायला लावला. आठ दिवसांत आसपासच्या गावांत लाळ्या-खुरकूत आली, गोठेच्या गोठे बसले. चिलारवाडीत एक वासरूसुद्धा लंगडलं नाही, असं म्हणतात.

तेव्हापासून त्याच्याकडं माणसंही आपली तोंडं दाखवायला यायला लागली. आधी आली ती एक लेकुरवाळी. तिच्या बाळाचं तोंड आलं होतं, दूध ओढत नव्हतं. जीभ दह्याचं बोट फिरवल्यासारखी पांढरी झाली होती. सुभानानं हात धुतले, बोटाला ओलं फडकं गुंडाळलं आणि हलकेच पुसून पाहिलं. पांढरं निघून आलं. "वरचं हाय. वैद्याकडनं लावायला आण, जाईल," त्यानं सांगितलं, आणि पांढरं खरंच गेलं.

त्याच दिवशी एक म्हातारा आला. तीस वर्षं ज्या गालात तो तंबाखूचा विडा धरायचा, त्याच गालात पांढरा चट्टा होता. सुभानानं पुसला. चट्टा तसाच. पुन्हा पुसला, तरी तसाच.

"दुखतंय?"

"अजिबात न्हाई."

"मग असू द्या," सुभाना म्हणाला. म्हाताराही खूश झाला.

पुढच्या वर्षी त्या गालाला भोक पडलं. भाकरी गेली, मग पेज गेली, आणि दिवाळीच्या आधी म्हातारा गेला. सुभाना त्याच्या मातीला गेला. जे दुखतं त्याच्यासाठी माणूस धावतो. जे दुखत नाही ते आत बसून आपलं काम करतं. हे त्याला कुणी शिकवलं नाही. एक माणूस गमावून तो हे शिकला.

मग मात्र त्यानं रीत बसवली. बाजाराच्या दिवशी सकाळी कडुनिंबाखाली माणसाला उन्हाकडं तोंड करून बसवायचं. खळखळून चूळ भरायला लावायची. आधी ओठ उलटून बघायचे, मग दोन्ही गाल, हिरड्या, टाळू. मग जीभ फडक्यात धरून डावीकडं ओढायची, उजवीकडं ओढायची, आणि शेवटी टोक वर करून जिभेखालचं बघायचं. बोटानं चाचपून गाठ लागते का पाहायचं, जबड्याखालीही. सुपारी खाणाऱ्याला तो तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगायचा. जबडा आवळून बोटं गेली नाहीत की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

औषध तो देत नसे. त्यामुळं काही लोक त्याच्यावर रागावत, म्हणत, हा कसला वैद्य, नुसताच बघतो! त्याच्याकडं तीनच उत्तरं होती. टोचणारा दात दिसला तर "आधी दाताची धार घासून घे." साधं तोंड आलेलं दिसलं तर "दोन बाजार थांब." दोन बाजार म्हणजे दोन आठवडे. आणि जखम तिसऱ्या बाजारालाही जागच्या जागी असली, तर "आजच शहरात जा." तिसऱ्या बाजारानंतर तो कुणाचीही सबब ऐकून घेत नसे, मग समोर पाटील असला तरी.

बायकाही यायच्या. त्या गाडीच्या आडोशाला रांगेत बसायच्या, पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढायच्या आणि फक्त तोंड उघडायच्या. सुभानाला चेहऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. अठरा गावांतली माणसं तो तोंडाच्या आतून ओळखायचा, असं म्हणतात.

एक तोंड मात्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं. हेडी लोकांचा एक रिवाज होता, आपल्या दावणीच्या बैलाचं तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं म्हणजे बैल विकायला काढला. सुभानानं हा रिवाज गोठ्यातून उचलून घरात आणला. केराबाई, त्याची बायको, सकाळ-संध्याकाळ तंबाखूची मिशेरी लावायची. तिच्या दातांचा रंग त्याला ठाऊक होता, त्यांच्या आतलं काही नाही. शहाणा माणूस आपल्याच उंबऱ्याशी असा वेडा होतो, आणि त्याला ते वेडेपण वाटतही नाही.

एका बुधवारी रांगेत सहावी बाई बसली होती. सुभानानं नेहमीसारखी जीभ फडक्यात धरली, डावीकडं ओढली. काठाला वालाच्या दाण्याएवढी जखम होती. कडा कडक, वर उचललेल्या. बोट लावलं तर बाई हललीसुद्धा नाही. सुभानाचं बोट थांबलं. जीभ सोडून त्यानं विचारलं,

"बाई, किती बाजार झालं ह्याला?"

"सा बाजार."

तो आवाज त्यानं बावीस वर्षं चुलीपाशी ऐकला होता. त्यानं पदर वर केला. शेजारच्या हौसाबाईचं लुगडं नेसून त्याचीच केराबाई बसली होती.

"केरा! अगं, घरात का न्हाई बोललीस?"

"तुमी घरच्याचं तोंड बघत न्हाई," केराबाई म्हणाली. "म्हनून परकी हून आले."

सुभाना तिथंच खाली बसला. भरल्या बाजारात तो रडला, हे मात्र असं म्हणतात म्हणून सांगत नाही. ते खरंच आहे.

शहरातला मिशनचा दवाखाना तीन मुक्कामांवर होता. सुभानानं उभ्या उभ्या गाडी जुंपली. वाटेतली नदी दुथडी भरली होती, पण पाणी गाडीच्या आखाच्या वर चढलं नाही, आणि तीन मुक्कामांची वाट बैलांनी दिवस मावळायच्या आत काढली, असं म्हणतात. डॉक्टरनं केराबाईच्या जिभेची एक बाजू कापून काढली. काही दिवसांनी त्यानं विचारलं, "हे ओळखलं कुणी?" केराबाईला बोलता येत नव्हतं. तिनं सुभानाकडं बोट दाखवलं. सुभानानं मान हलवली आणि तिच्याकडं बोट दाखवलं.

केराबाई पुढं अकरा वर्षं जगली. बोलणं तिचं बोबडं झालं. लोकांना ते कळायचं नाही, सुभानाला एक शब्दही दुसऱ्यांदा विचारावा लागत नसे.

परतल्यावर पहिल्याच बाजारात सुभानानं स्वतःचा बैल माळावर आणला आणि सगळ्यांदेखत त्याचं तोंड उघडलं. हेडी गोळा झाले.

"काय सुभाना, इकायला काढलास का?"

"न्हाई," तो म्हणाला. "घरचा हाय म्हनून बघतोय."

सुभाना गेला, माळावरचा गुरांचा बाजारही कधीच मोडला. पण चिलारवाडीत अजून बेंदराच्या सकाळी, बैलांना नैवेद्य दाखवायच्या आधी, घरोघरी तोंडबघणी होते. ओसरीवर उन्हात बसून नवरा बायकोचं तोंड बघतो, बायको नवऱ्याचं, सून सासूचं. नवी नवरी पहिल्या वर्षी लाजते. मग म्हातारी माणसं तिला म्हणतात, "उघड बाई, सुभानाबाची आण हाय." त्या दिवशी सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडलं तर ते उद्धटपण धरत नाहीत.

गेल्या बेंदराला एका सुनेला सासूच्या गालात पांढरं दिसलं. पुसलं, गेलं नाही. सासू म्हणाली, "दुखत न्हाई गं, सणासुदीचं कशाला?" सुनेनं दोन आठवडे वाट पाहिली. तिसऱ्या आठवड्याला तिनं सासूला शहराच्या एस. टी.त बसवलं आणि शेजारी स्वतः बसली.

यंदा सासूनं आधी सुनेचं तोंड पाहिलं.