रवळूची पाकळी

खाडीवर पूल नव्हता आणि पटकी आली की माणसं आधी देवीकडे धावत, तेव्हाची ही गोष्ट. आंबेखोल गावात पावणाईच्या देवळात रवळू नावाचा गुरव होता. गावाला काही विचारायचं असलं की तो कौल लावी. देवीच्या पाषाणावर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवी, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, पेरण्या, भांडणं, सगळं त्या दोन पाकळ्यांवर चाले.

रवळूच्या मनात मात्र एक काटा होता. एकदा देवळात कुणी नसताना त्याने विचारलं होतं, "गे माय, तू आसंस?" उजवी पडली. त्याने पुन्हा तेच विचारलं, तर डावी पडली. तेव्हापासून त्याला वाटे, इथे पाणी आणि वारा यांखेरीज कुणी नाही. तरी देवळातून निघताना तो देवीला पाठ दाखवत नसे, असं म्हणतात.

त्या वर्षी पटकीने गावातली अकरा पोरं नेली. लोक वेडेपिसे झाले. कुणीतरी भागी सुईणीकडे बोट दाखवलं. ती जिथे गेली, तिथलंच पोर गेलं म्हणे. अहो, आजारी पोरांकडे धावून जाणारी तीच एक होती, पण हे कुणाच्या डोक्यात शिरेना. गावाचा मुख्य मानकरी, गावकार, म्हणाला, देवीला विचारू. उजवी पडली तर भागी निर्दोष. डावी पडली तर गळ्यात दगड बांधून तिला खाडीत लोटायचं.

तिला देवळात आणलं, तेव्हा ती रवळूला एवढंच म्हणाली, "तुझी नाळ मीच कापलंय रे."

रवळूने विचार केला, देवी असेल तर भागीला मारायला तिला माझ्या पाकळ्या कशाला हव्यात? आणि नसेल, तर हा खून माझ्या एकट्याच्या माथी. देवळामागच्या फणसाचा चीक त्याने बोटावर घेतला आणि डावी पाकळी चिकाने चिकटवली. उजवी नुसत्या पाण्याने. आता उजवीच पडणार, यात त्याला शंका नव्हती.

उजवी पडली नाही.

कौल पडेपर्यंत कुणी उठायचं नाही, असा रिवाज. दुपारी वारा सुटला, समया विझल्या, पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी त्या काळ्या पडल्या, तरी तशाच. बायका तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. डावी का पडत नाही, हे रवळूला ठाऊक होतं. उजवी का पडत नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी गावकार ओरडला, "देवी बोलूक नाय, म्हणजे बाय दोषीच! उचला तिका!"

रवळू उंबऱ्यावर आडवा पडला. "डावी मी चिकान चिकटवलंय!" तो किंचाळला. "माका मारा. पण उजवेक चीक नाय. ती कोणी धरल्यान, ता माका ठावक नाय!"

गावकाराने कोयता उगारला. त्याच क्षणी उजवी पाकळी सुटली आणि त्याच्या पायाशी येऊन पडली, असं म्हणतात. वाळली म्हणून पडली, असंही म्हणतात. कोयता मात्र खाली आला नाही, आणि भागी आपल्या पायांनी घरी गेली.

रवळूने पुन्हा कधी कौल लावला नाही. देवी आहे का, असं म्हातारपणी कुणी विचारलं तर तो म्हणे, "ठावक नाय. पण भिती वाटता."

आजही आंबेखोलात कौल लावताना डावी पाकळी आधी फणसाच्या चिकाने चिकटवतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिला रवळूची पाकळी म्हणतात. डावा कौल त्या गावात पुन्हा पडलेला नाही, पडणारही नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी उजवी पडेपर्यंत देवळात कुणी मोठ्याने श्वास घेत नाही.