येसूची पट्टी आणि तीन घागरी

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता, आणि तो नखशिखांत दगड होऊन सिंहासनावर बसला होता. शाप करंटक जादूगाराचा. डोंगरातल्या गुहेत तीन घागरी, प्रत्येकीवर एक बोलता पक्षी. एकीतच जिवंत पाणी. ते ओतलं तर राजा उठेल. खोटी घागर आणणारा मात्र दिवस मावळेपर्यंत स्वतःच दगड होईल. वर मेख अशी, की दर खेपेला गुहेत पुन्हा तीन घागरी दिसत आणि पाणी घागर बदलत असे.

राजाच्या कोठारावर येसू नावाची मापाडीण होती. पायली भरली की वर दाण्यांची शीग चढायची. येसू लाकडी पट्टी फिरवून ती शीग खाली पाडायची आणि आत राहील तेवढंच मोजायची. यात तिने बापाचीही भीड ठेवली नाही.

तिचा धाकटा भाऊ रायाजी मात्र महा हळवा. तो गुहेत गेला आणि मैनेची घागर घेऊन आला. सकाळी त्याचे पाय दगड झाले, दुपारी छाती.

"अक्का, ती फार रडत होती गं," तो म्हणाला.

येसूला त्याचा रागही आला आणि रडूही आलं. तिने पट्टी कमरेला खोचली अन् डोंगराची वाट धरली. सूर्य कलला होता.

गुहेत शिरताच मैना रडू लागली. पिल्लं उपाशी आहेत, सात वर्षांत कुणी दाणा टाकला नाही, माझीच घागर घे, म्हणाली. येसूचं काळीज हललं. पण तिने विचारलं, "तुझ्या घागरीत जिवंत पाणी आहे, ते कशावरून?" मैना अधिकच रडली. येसूने मनातल्या मनात पट्टी फिरवली. शीग पडली, आणि पायलीत काहीच उरलं नाही.

मग घुबड घुमलं. भावाचा गळा दगड होतोय, माझी घागर घेतली नाहीस तर सारं गाव तुझ्या तोंडावर थुंकेल, असं त्याने बजावलं. येसू घाबरून दोन पावलं मागे सरली. भीती खोटी नव्हती. पण कशावरून, असं विचारताच घुबडाने तेच जास्त मोठ्याने सांगितलं. ही पायलीही रिकामीच निघाली.

तिसरा होता म्हातारा कावळा. तोही रडत होता. येसूच्या अंगाचा तिळपापड झाला. रडतो म्हणजे हाही लबाडच, असं म्हणून तिने पाठ फिरवली.

पण हात सवयीने पट्टीवर गेला आणि ती थबकली. शिगेबरोबर आतले दाणेही ओतून द्यायला ती निघाली होती. असली मापाडीण काय कामाची! ती मागे वळली.

"कशावरून?"

"माझी कावळी इथेच दगड झाली, म्हणून रडतो," कावळा म्हणाला. "माझी घागर पाझरते. खाली बघ."

येसूने वाकून पाहिलं. घागरीखालच्या कातळाला हिरवा कोंब फुटला होता. उरलेल्या दोन घागरींखाली कातळ कोरडा ठणठणीत होता. तिने कावळ्याची घागर उचलली आणि डोंगर उतरताना दोनदा पडली, पण घागर सोडली नाही.

दगड रायाजीच्या हनुवटीला भिडला होता. येसूने पाणी ओतलं. आधी त्याचा श्वास सुटला, मग हात हलले. उरलेलं पाणी वज्रसेनावर पडताच तो उठून उभा राहिला. तिकडे गुहा दुभंगली, कावळ्याला त्याची कावळी मिळाली, आणि करंटकाची मंत्रविद्या त्याच्या तोंडातच आटली. दुसऱ्या दिवसापासून दरबार पूर्वीसारखा भरू लागला.

त्याच सकाळी येसूने ज्वारीची पायली भरली, शीग चढवली आणि डोंगरावर मैनेच्या घरट्याखाली नेऊन ठेवली. घरट्यात पिल्लं चोची वासून ओरडत होती. पट्टीला तिने हात लावला नाही. रायाजी सोबत आला होता.

"अक्का, हिनेच तर मला फसवलं."

"पिल्लं उपाशी होती, ते खरंच होतं," येसू म्हणाली. "त्यावर दाणे द्यायचे होते, रायाजी. तू घागर घेतलीस."