आठ मळक्या बंड्या

राजा अजयपालाने फर्मान काढलं, चेंडूच्या संघाचा म्होरक्या नागोजी नको, जालिंदर हवा. पुरावा कारकुनाच्या कागदावर होता. जालिंदरने चाळीस वेळा चेंडू फेकला, तर एकोणचाळीस वेळा आपल्याच गड्याने झेलला. नागोजीचे चाळिसातले बावीस.

"कुणाला शंका?" राजाने विचारलं.

शंका कुणालाच नव्हती. त्या दरबारात ती रीतच नव्हती. फक्त मळके कपडे न्यायला आलेली ठकूबाई परटीण दाराशी पुटपुटली, "नागोजी सहा वर्षं डाव जिंकून देतोय, ते कुठल्या कागदावर?"

"ते नशीब," राजा गुरकावला. "कागदावर न मावणारं मोठेपण असतं म्हणतेस? मग उद्या ते माझ्यासमोर तराजूत घालून दाखव. नाही जमलं तर तळ्यावरचा तुझा घाट सोडायचा."

घाट गेला की चूल विझली. ठकूबाईने कपड्यांचं गाठोडं खाली ठेवलं.

"दाखवते, महाराज. पण उद्या दोन डाव खेळवा. सकाळी म्होरक्या जालिंदर, दुपारी नागोजी. बाकी आठ गडी तेच, समोरचा संघही तोच. दोन्ही वेळा धुतलेल्या बंड्या द्या, आणि डाव संपला की त्या तशाच माझ्याकडे."

तळ्याकाठचं मैदान बारमाही ओलं. त्यात चेंडू फेकणाऱ्याला आडवं पाडायला समोरचे धावून येतात, असा तो खेळ.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डाव झाले आणि संध्याकाळी दरबारात तराजू टांगला. ठकूबाईने एका पारड्यात जालिंदरच्या डावाच्या नऊ बंड्या टाकल्या, दुसऱ्यात नागोजीच्या. नागोजीचं पारडं धपकन खाली बसलं.

राजा हसला. "चिखल तोललास, बाई! चिखलात काय, म्हैससुद्धा लोळते."

"लोळलेल्याची पाठ मळते, महाराज. वीस वर्षं हेच धुतेय." तिने खालच्या पारड्यातली एक बंडी उलगडली. "ही बघा, छातीवर मळलीय. लांबचा चेंडू झेलायला अंग झोकून दिलं. या दोन खांद्यांवर मळल्यात. धावून येणाऱ्यांना अडवलं. अशा आठ."

"आणि ही नववी? हिच्यावर तर डागही नाही."

"ती नागोजीची."

दरबारात खसखस पिकली. राजाने भुवई उंचावली. "म्हणजे तुझा थोर म्होरक्या मळलाच नाही?"

"आठ जणांनी मळू दिला नाही. आता जालिंदरचं पारडं बघा. तिथे एकट्या त्याचीच बंडी चिखलाने माखलीय, बाकी आठ कोऱ्या. तो शेजारच्याच्या हातात चेंडू ठेवतो, मग पळायचं कुणी? आणि त्याला पाडायला आले, तेव्हा मध्ये कोण पडलं? गडी तेच, महाराज. सकाळी कोरे, दुपारी मळके. मधे बदलला तो एकटा म्होरक्या."

राजाने कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने कागद हळूच घडी करून कमरेला खोचला.

राजाला अजून एक खुमखुमी होती. "माझ्या दरबाऱ्यांचे कपडेही तूच धुतेस. ते कुठे मळतात?"

ठकूबाईने दरबाऱ्यांवरून नजर फिरवली.

"गुडघ्यांवर, महाराज. बाकी कुठे नाही."

राजा असा हसला की तराजूची पारडी हलली. नागोजीचं म्होरकेपण राहिलं, घाटाला दगडी पायऱ्या मिळाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या दरबाऱ्यांना नव्या बंड्या देऊन मैदानात उतरवण्यात आलं.