महाराजांच्या मोटारीचे अनवाणी पाय

“माझ्या मोटारीला साखळ्या? ती काय कैदी आहे?”

धवळगडचे दुर्जयसिंह महाराज असे गरजले की दरबारातल्या शेगडीतला विस्तवही दचकला. समोर मोटारीचा चालक संतू मान खाली घालून उभा होता. धवळगडात थंडीत कंबरभर बर्फ पडायचं आणि संक्रांतीला महाराजांना खिंड ओलांडून देवीला जायचं होतं. नव्या मोटारीतून! खिंडीच्या पलीकडचा उतार म्हणजे निसरडं बर्फ आणि कडेला दरी. संतू एवढंच म्हणाला होता की बर्फावर घसरू नयेत म्हणून चाकांना साखळ्या बांधूया.

“अरे, साध्या मोटारीत दोन चाकं ओढतात आणि दोन नुसती मागून येतात, आपल्या दरबारासारखी,” महाराज म्हणाले. “माझ्या मोटारीची चारही चाकं ओढतात! चौघं ओढत असतील तिथं पायांत काही बांधायचं नाही. हा माझा हुकूम!”

“वाहवा!” दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले. दिवाणांनी जन्मात मोटार चालवली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत पक्कं होतं. त्यांनी लगेच या हुकुमाची गावभर दवंडी पिटवली.

“संक्रांतीला तू मोटार तशीच हाकायची,” महाराजांनी संतूला बजावलं. “नाही म्हणालास तर राज्याबाहेर!”

संतू घरी आला तो चेहरा पाडून. त्याची बायको मथुरा पालखीखान्यात गवताचे दोर वळायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे हाकली तर दरीत, नाही हाकली तर हद्दीबाहेर,” ती म्हणाली. “दरी जवळ पडते, एवढाच काय तो फरक. थांबा, मीच जाऊन येते.”

“तू? अगं, महाराज चिडलेत!”

“चिडलेले असू देत. न चिडलेले महाराज मी अजून पाहिलेले नाहीत.”

दरबारात तिनं मुजरा केला. “सरकार, मोटार चारही पायांनी जोरात निघेल, चढही चढेल. पण उतारावर थांबायचं म्हटलं तर?”

“पुन्हा तेच! बरं, मला पटवून दे,” महाराजांनी मिशीला पीळ दिला. “पण माझ्या मोटारीला बोट लावायचं नाही. आणि त्या साखळीचं नाव तोंडातून काढायचं नाही! संक्रांतीच्या सकाळपर्यंत पटलं नाही, तर नवऱ्यासोबत तूही गाठोडं बांध.”

“मोटारीला हात न लावता आणि नाव न घेता!” दिवाण खुदकन हसले. “बाई, मुक्यानं कीर्तन करायला सांगितलंय तुला!”

“जशी आज्ञा,” मथुरा म्हणाली. “दवंडीतला हुकूम मात्र सगळ्यांना लागू ना, सरकार?”

“अर्थात! राजाचा हुकूम म्हणजे काय भाजीचा भाव आहे?”

संक्रांत उजाडली. धवळगडची रीत अशी की त्या दिवशी महाराज गडाच्या दरवाजात पालखीत बसायचे, उतारावरून खाली पागेपर्यंत यायचे, तिथं वाहनांची पूजा व्हायची आणि मग पुढचा प्रवास. खाली पागेपाशी झेंडूच्या माळा घातलेली मोटार उभी होती. तिच्या बाजूला घोड्यांसाठी रचलेली गवताची भलीमोठी गंजी. मोटारीजवळ संतू, देवाचं नाव घेत, आणि शेजारी मथुरा.

चार भोयांनी पालखी उचलली. अंगणात बर्फ सपाट होतं. पालखी झोकात निघाली.

“बघा, चौघं ओढतात की कसं जातं!” पडद्याआडून महाराज म्हणाले.

मग उतार लागला.

“भिवा, सावकाश!”

“सावकाशच चाललोय, सरकार!” पुढचा भोई भिवा ओरडला. “पालखीच ऐकत नाही!”

“थांबव!”

“चौघंही थांबवतोय, सरकार! चौघंही थांबतच घसरतोय!”

बघता बघता पालखीनं पुढे चालणाऱ्या दिवाणांना गाठलं, ओलांडलं, आणि जाता जाता त्यांची पगडी उडवली. वळणावर वळणं कोणालाच जमलं नाही. पालखी, भोई आणि धवळगडची गादी असे सगळे मिळून गवताच्या गंजीत शिरले!

मग गंजीतून राजमुकुट बाहेर आला, पाठोपाठ महाराज. मिशीत गवत, कानात गवत.

“भिवा! तुमच्या पायांतले दोर कुठे गेले? दरवर्षी बर्फात दोर गुंडाळून येता ना?”

भोई चामडी जोड्यांकडे बघू लागले. मथुरा पुढे झाली.

“मी सोडायला लावले, सरकार. आपलीच दवंडी ना? चौघं ओढत असतील तिथं पायांत काही बांधायचं नाही. आणि हे चौघंही ओढतात. एकही आपल्या दरबारासारखा नाही.”

“अगं मूर्ख बाई!” महाराज पाय आपटून ओरडले आणि त्या आपटण्यानं पुन्हा घसरून बसले. “ओढणं वेगळं आणि बर्फाला धरून राहणं वेगळं! पायच धरेना, तर चार काय आणि चाळीस काय, सगळे मिळून घसरतील! दोर बांधल्याशिवाय उतारावर...”

महाराज थांबले. त्यांनी मोटारीच्या चार गुळगुळीत चाकांकडे पाहिलं. मग खिंडीकडे. मग मथुरेकडे.

“मी ते नाव तोंडातून काढलेलं नाही हं, सरकार,” मथुरा म्हणाली. “मोटारीला बोटही लावलेलं नाही.”

“पण इतकी देखणी मोटार!” महाराज कळवळले. “बांधली तर कैद्यासारखी दिसेल गं!”

“बांधली तर मोटार कैद्यासारखी दिसेल, सरकार. नाही बांधली तर सरकार दिसणारच नाहीत!”

महाराजांची मिशी थरथरली, तिच्यातून एक काडी गळाली, आणि महाराज असे काही हसले की गंजीचा उरलेला ढीगही त्यांच्या अंगावर आला.

आतूनच हुकूम सुटला, “संतू, बांध रे त्या साखळ्या! चारही चाकांना! आणि दिवाण, तुम्ही पालखीतून या मागून!”

मग गवतातून एक हात बाहेर आला. त्या हातात महाराजांच्या गळ्यातली जाडजूड सोन्याची साखळी होती.

“मोटारीला लोखंडाची,” महाराज म्हणाले, “आणि मथुरे, ही तुला!”