डोंगरफेरी आणि द्रोणभर पाणी

डोंगराच्या उतारावरच्या एका जंगलात खवलेमांजरांचे एक म्हातारे जोडपे राहत असे. मुलांनो, खवलेमांजर हे नावापुरतेच मांजर. त्याच्या अंगावर टणक खवले असतात, तोंडात एकही दात नसतो, आणि घाबरले की ते नाक पोटाशी घेते, शेपटी वरून गुंडाळते आणि गोळा होऊन पडून राहते. जंगलात या दोघांना सगळे खवल्या आणि खवली म्हणत. दोघांत खवल्या फार भित्रा. वाळकी काटकी मोडली तरी तो मिटायचा, आणि मिटल्यावर बाहेर काय चालले आहे ते त्याला कळत नसे. मग खवली जवळ येऊन त्याच्या पाठीवर नखाने दोनदा टकटक करी आणि म्हणे, "अहो, गेले ते. उघडा आता." तेव्हा कुठे तो उघडे. आपले आपण कधी उघडायचे, हे शिकण्याची वेळच त्याच्यावर आली नव्हती.

त्यांचे बीळ डोंगराच्या वरच्या अंगाला होते. खालच्या अंगाला एक झरा होता आणि मधून डोंगराला फेरी घालणारी रुंद वाट जात होती. खवलीचा जन्म त्या झऱ्याकाठचा. वय झाले, पाय चालेनासे झाले, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. बिळाजवळ तळे होते, पण तिला झऱ्याचे पाणी हवे होते, तेही सकाळचे. म्हणून खवल्या, तसा रात्री हिंडणारा प्राणी, रोज उजाडताच निघे. पळसाच्या पानाचा द्रोण भरून तो पुढच्या पंजांत छातीशी धरी आणि मागच्या दोन पायांवर डुलत डुलत वाट ओलांडून परत येई. वाट सारी वीस पावलांची. खवली दोन घोट घेई आणि तो विचारी, "आज गार आहे का?" ती म्हणे, "आहे." यापलीकडे ती दोघे सकाळी फारसे बोलत नसत.

एका वर्षी थंडी पडून गवत पिवळे झाले आणि कोल्ह्याने सभा बोलावली. कोल्हा बोलण्यात गोड होता. चार जंगलांतले धावणारे यंदा आपल्या डोंगराला फेरी घालणार आहेत, या शर्यतीने आपल्या जंगलाचे नाव दूरवर जाईल, असे त्याने सांगितले. फक्त त्या दिवशी उजाडल्यापासून सूर्य कलेपर्यंत मोठी वाट बंद राहील.

मुंगी म्हणाली की आमची रांग दुपारपर्यंत तुटून कशी चालेल. ती खवल्यापासून बरीच लांब बसली होती, ते साहजिकच होते, कारण खवलेमांजर मुंग्याच खाते. रानकोंबडीने विचारले की माझी पिल्ले दाणे टिपायला पलीकडे जातात त्यांचे काय. तीही कोल्ह्याकडे पाठ न करता बोलत होती. वरून वानर म्हणाला, "तुम्ही जमिनीवरून चालता हीच तुमची चूक. मला विचाराल तर वाट बारा महिने बंद ठेवा." सगळे हसले.

कोल्हा म्हणाला, "मंडळी, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि डोंगराच्या मागून वळसा आहेच. आपल्या चितळानं तो मोजलाय."

चितळ तरुण होता आणि वाऱ्यासारखा धावे. तो म्हणाला, "मी गेलो, झऱ्यावर पाणी प्यायलो आणि परत आलो, तेव्हा ओठ ओलेच होते." ते खोटे नव्हते.

खवल्याला बोलायचे होते. तो पुढे आलाही. पण बंदोबस्ताला नेमलेल्या रानडुकराने त्याच वेळी नाक फुरफुरवले आणि खवल्या जागच्या जागी मिटला. खवली तिथे नव्हती. कोल्ह्याने त्या गोळ्याकडे बघून घेतले. "खवल्याआजोबांची काही हरकत दिसत नाही," तो म्हणाला आणि सभा संपली.

शर्यतीच्या आधीचे दोन दिवस खवलीने काही खाल्ले नव्हते. त्या सकाळी खवल्या निघाला तेव्हा ती म्हणाली, "आज जरा लवकर याल?" तो हो म्हणाला आणि नेहमीपेक्षा लवकरच निघाला. झुंजुमुंजू होत असताना त्याने वाट ओलांडली आणि झऱ्यावर द्रोण भरला. पण पाहुणे धावक पाय मोकळे करायला आधीच आले होते, म्हणून वाटही आधीच बंद झाली. तो परतला तेव्हा वाटेच्या कडेला रानडुक्कर उभे होते.

खवल्या म्हणाला, "मला फक्त पलीकडं जायचंय. वीस पावलं."

"वीस काय नि दोन काय," रानडुक्कर म्हणाले. "वळशानं जा, आजोबा. मला सांगितलंय तेवढंच मी करतो."

खवल्याने वळशाच्या दिशेला पाहिले. तिकडून गेलो तर उद्या पोहोचू, हे त्याला कळत होते. मग शर्यत सुरू झाली, आणि धावणाऱ्यांचा एक कळप गेला व दुसरा यायचा होता तेवढ्यात तो वाटेत उतरला. सात पावले झाली. आठव्या पावलाला जमीन हादरू लागली आणि तो मिटला. द्रोण कुणाच्या तरी खुराखाली गेला. रानडुकराने धावत जाऊन त्याला नाकाडाने ढकलत झऱ्याच्या बाजूला आणून ठेवले. तेही काळजीनेच, कारण कोणी तुडवला जाऊ नये असेही त्याला सांगितले होते.

तिथे खवल्या पडून राहिला. आत अंधार होता आणि बाहेर खूर वाजत होते. मग आरोळ्या झाल्या, म्हणजे कोणीतरी जिंकले असावे. मग आरोळ्याही थांबल्या. जमीन शांत झाली होती, पण तो वाट पाहत होता ती दोन टकटकींची. सूर्य कलला. मुंग्यांची रांग पुन्हा जुळून त्याच्या शेजारून गेली, तीही त्याला ठाऊक नव्हती. फार वेळाने, आता काहीही होवो असे म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा तो आपला आपण उघडला.

रिकाम्या हाताने तिच्यापुढे कसे जायचे, म्हणून तो आधी झऱ्यावर गेला. नवे पान शोधले, द्रोण केला, भरला. तो वेळ पुढे त्याने किती वेळा मनात मोजला असेल कोण जाणे. ऊन पिवळे पडले तेव्हा तो बिळाशी पोहोचला. दारात शेजारची रानकोंबडी बसली होती. खवली आत नव्हती. सरकत सरकत ती दाराच्या मातीपर्यंत आली होती आणि तिथेच, नाक झऱ्याच्या दिशेला करून, निजली होती. ती आता उठणार नव्हती.

"दोनदा विचारलं, आले का म्हणून," रानकोंबडी म्हणाली. "मी म्हटलं, शर्यत आहे ना आज, येतील. तळ्याचं पाणी आणून दिलं, भावोजी. नको म्हणाली. ते आणतायत म्हणाली."

खवल्याने द्रोण तिच्या तोंडाशी ठेवला आणि तो शेजारी बसला. त्याने काही विचारले नाही. पाणी गार होते.

त्यानंतरही तो रोज उजाडताच झऱ्यावर जात राहिला. द्रोण भरून आणी आणि बिळाच्या दाराशी, ती निजली होती त्या मातीवर हळूहळू ओती. वानराने एकदा फांदीवरून विचारले, "आजोबा, मातीला तहान लागते का?" खवल्या म्हणाला, "लागत असेल." 

वर्ष गेले. गवत पुन्हा पिवळे झाले. गेल्या वेळची शर्यत आपला चितळच जिंकला होता आणि कोल्ह्याचा उत्साह वाढला होता. यंदा दोन दिवस शर्यत, दोन दिवस वाट बंद, असे त्याने सभेत सांगितले. मुंगी बोलली, रानकोंबडी बोलली, कोल्ह्याने सगळ्यांचे गोड बोलून समाधान केले. कोणाची हरकत आहे का, असे त्याने शेवटी विचारले तेव्हा खवल्या पुढे आला. रानडुक्कर शिंकले. ते मुद्दाम नव्हते, त्याला सर्दी झाली होती. पण खवल्या मिटला.

"म्हणजे आजोबांची हरकत नाही," कोल्हा म्हणाला.

तेव्हा रानकोंबडी उठली. कोल्ह्याच्या अगदी पुढ्यातून, पहिल्यांदाच त्याच्याकडे पाठ करून, ती चालत गेली आणि खवल्याच्या पाठीवर चोचीने दोनदा टकटक केली. खवल्या लगेच उघडला. उघडून त्याने भोवती पाहिले, कोणाला तरी शोधल्यासारखे. मग त्याच्या लक्षात आले. 

"आजोबा, मागच्या वर्षी तर तुम्ही काही बोलला नाहीत," कोल्हा म्हणाला.

"मिटलो होतो," खवल्या म्हणाला. "तुम्ही थांबला असता तर बोललो असतो." मग तो चितळाकडे वळला. "बाळा, वळसा तू मोजलास ना? एकदा माझ्याबरोबर मोजशील?"

चितळाला अभिमान होता, पण मन खोटे नव्हते. तो तयार झाला आणि दुसऱ्या सकाळी दोघे निघाले. सुरुवातीला चितळ दोन उड्यांत पुढे जाई आणि परत येऊन उभा राही. मग त्याचा त्यालाच कंटाळा आला आणि तो शेजारून चालू लागला. वाटेत एक घळ होती. चितळाने ती मागच्या वर्षी एका झेपेत ओलांडली होती, इतकी सहज की तिथे घळ आहे हेही त्याच्या ध्यानात राहिले नव्हते. खवल्या ती उतरला आणि चढला, तोवर सूर्य डोक्यावर आला. दुपार टळली तेव्हा अर्धी वाटही झाली नव्हती.

"आजोबा, भरभर चला ना जरा," चितळ म्हणाला.

"मी भरभरच चालतोय, बाळा."

चितळाने पावले आखूड केली. मग त्याने विचारले की मागच्या वर्षी त्या दिवशी इतके कसले महत्त्वाचे काम होते. खवल्याने त्याला पाण्याचे सांगितले. लवकर याल का, असे ती म्हणाली होती, तेही सांगितले. बाकीचे सांगितले नाही. पण चितळाला आठवले. त्या दिवशी धावताना वाटेत एक द्रोण त्याच्या खुराखाली आला होता आणि पाय ओला झाल्याची त्याला गंमत वाटली होती.

चालता चालता त्याने त्या खुराकडे पाहिले. मग म्हणाला, "माझ्या पाठीवर बसा. मी लगेच पोहोचवतो तुम्हाला."

"नको," खवल्या म्हणाला. "आता घाई नाही. पलीकडं कोणी थांबलेलं नाही."

ते परत आले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. चितळाने सभेत जाऊन सांगितले की वळसा मी चुकीचा मोजला होता, तो जाऊन येऊन पुरे दोन दिवसांचा आहे. कोल्हा म्हणाला की असे धरले तर शर्यतच होणार नाही. चितळ म्हणाला, "शर्यत होऊ दे. पण वाटेच्या कडेला कोणी पलीकडं जायला उभं राहिलं, तर झऱ्याकाठच्या टिटवीनं ओरडायचं आणि आम्ही थांबायचं. ते ओलांडेपर्यंत. नाहीतर मी धावणार नाही." चितळाशिवाय शर्यत म्हणजे नवऱ्यामुलाशिवाय वरात. कोल्ह्याने मान डोलावली. रानडुकराला नवे काम समजावून सांगितले. ते म्हणाले, "बरं. मला सांगितलंय तेवढंच मी करतो."

शर्यतीच्या पहिल्या दिवशी चितळ सगळ्यांच्या पुढे होता. झऱ्याच्या वळणावर टिटवी ओरडली. वाटेच्या कडेला खवल्या उभा होता, द्रोण छातीशी धरून. चितळ थांबला. त्याच्या मागे चार जंगलांतले धावणारे एकमेकांवर आदळत थांबले. काही वैतागले, एका पाहुण्या सशाने हे कोण महाराज म्हणून विचारले, पण रानडुक्कर वाटेत आडवे उभे होते आणि कोणी पुढे गेले नाही.

खवल्याने वाटेत पाऊल ठेवले. सात झाली, आठ झाली. जमीन हादरत नव्हती. तो कोणाकडे न बघता चालत राहिला आणि विसावे पाऊल टाकून पलीकडे गेला. द्रोणातले थेंबभरही पाणी सांडले नाही. मग मागे पुन्हा खूर वाजू लागले, पण तो मिटला नाही.

त्या वर्षी चितळ हरला, तो पाहुणा ससा जिंकला. शर्यतीला नेमका किती वेळ लागला ते मोजताच आले नाही, अशी तक्रार कोल्हा पुढे पुष्कळ दिवस करत होता.

खवल्या बिळाशी पोहोचला. त्याने नेहमीच्या जागी पाणी ओतले आणि ते मुरेपर्यंत तो थांबला. आज तो लवकर आला होता. मग त्याने पंजा पुढे केला, त्या ओल्या मातीवर नखाने दोनदा टकटक केली आणि कान देऊन तो बराच वेळ बसून राहिला.

तात्पर्य : सोहळा कितीही मोठा असो, वाट अडवण्याआधी तिच्यावरून सर्वांत हळू चालणाऱ्याला विचारावे, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबावे.